‘पुरुषऊर्जा 72 टक्के’: हा आकडा येतो कुठून आणि पैसे जातात कुठे

“ताई, तुमच्यात पुरुषऊर्जा 72 टक्के झालीय, स्त्रीऊर्जा फक्त 28. म्हणून घरात खटके, म्हणून पाळी पुढेमागे, म्हणून पैसा टिकत नाही.” दादा असतील तर आकडे उलटे. शिव-शक्ती संतुलनाच्या नावाखाली चालणाऱ्या शिबिरांतली फसवणूक बहुतेक अशाच एखाद्या वाक्यापासून सुरू होते. प्रत्येकात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही बाजू असतात या कल्पनेत खोट नाही, खोट आकड्यात आहे.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने पुरुषाच्या मनातल्या स्त्रीरूपाला ॲनिमा आणि स्त्रीच्या मनातल्या पुरुषरूपाला ॲनिमस म्हटलं. स्वप्नांतून, कुणावर तरी उगाच भाळण्यातून किंवा चिडण्यातून त्यांची ओळख पटते, असं त्याचं म्हणणं. टक्केवारीचा तिथे संबंध नाही. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणात तर शिव आणि शक्ती वेगळे काढताच येत नाहीत. खरंखुरं मोजमाप केलं ते सँड्रा बेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी, 1974 मध्ये. 60 गुणविशेष घेतले: 20 पुरुषी समजले जाणारे, 20 बायकी समजले जाणारे, 20 दोन्हीकडचे नसलेले. प्रत्येकाला 1 ते 7 गुण द्यायचे. पण दोन्ही मापं त्यांनी स्वतंत्र ठेवली. माणूस खंबीर झाला म्हणून त्याचा मायाळूपणा कमी होत नाही. तराजूसारखं एक पारडं वर, एक खाली असं इथे नसतंच. त्यामुळे बेरीज बरोबर 100 भरते तेव्हाच समजावं की आकडा बनवलेला आहे.

तो बनवायच्या पद्धती ठरलेल्या. एक म्हणजे यंत्र. पंजा पाटीवर ठेवला की पडद्यावर रंगीत वलय येतं. अशी यंत्रं साधारण त्वचेचा ओलावा आणि तापमान टिपतात, रंग सॉफ्टवेअर भरतं. हात साबणाने धुऊन, कोरडा करून लगेच दुसऱ्यांदा ठेवायला मागा, ‘ऊर्जा’ बदललेली दिसू शकते. दुसरी म्हणजे लोलक, दोऱ्याला टांगलेलं वजन. तो धरणाऱ्याच्या बोटांच्या नकळत होणाऱ्या हालचालीने फिरतो. तिसरी, हात आडवा धरायला लावून दाबणं. आधी मनगटाजवळ दाबतात, हात पडतो. मग स्फटिकाचं ब्रेसलेट घालून कोपराजवळ दाबतात, हात टिकतो. पडताळायचं असेल तर तिसऱ्या माणसाला सारख्या दिसणाऱ्या बंद पुड्यांत कधी तो स्फटिक, कधी साधा खडा घालायला सांगा. दाबणाऱ्याला आणि हात धरणाऱ्याला काय आहे ते कळता कामा नये. दहा वेळा केलं की उत्तरं छापा-काट्याइतकीच बरोबर येतात. अर्थात ही परवानगी कुणी देत नाही.

“पण माझ्याबद्दल सगळं अचूक सांगितलं!” मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं; प्रत्येकाला वाटलं ते फक्त आपलं, प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर होता. अचूकतेला सरासरी 5 पैकी 4.26 गुण पडले.

खरा गळ मात्र श्वासाच्या सत्रात लागतो, कारण तिथे अंगाला काहीतरी खरंच होतं. मोठ्या आवाजात संगीत, तोंडाने भराभर खोल श्वास, अर्धा-पाऊण तास. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं. ओठ बधिर, बोटांना मुंग्या, पंजे आखडतात, रडू फुटतं. “बघा, दबलेली शक्ती मोकळी होतेय!” आणि त्याच भरात, डोळे पुसायच्या आत, पुढच्या पातळीचा अर्ज हातात. असं झालं तर थांबा, उठून बसा, तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्या; सहसा काही मिनिटांत ओसरतं. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर सरळ दवाखाना. अपस्मार, हृदयविकार, गरोदरपण असेल तर या सत्राला बसूच नका. “डावी नाकपुडी बंद, म्हणजे स्त्रीऊर्जा अडली” हेही तसंच: नाकपुड्या दर काही तासांनी आलटूनपालटून चोंदतात, निरोगी माणसाच्यासुद्धा.

पैशाची चढण सरळ आहे. 99 रुपयांचं वेबिनार, मग काही हजारांची ‘तपासणी’, मग लाखाच्या घरातलं निवासी शिबिर, हप्त्यांची सोय. गुण आला नाही तर “तुमचाच प्रतिकार आहे”. नवरा किंवा आई अडवत असेल तर “त्यांची ऊर्जा जड आहे”. मन मोकळं करायच्या वर्तुळात रेकॉर्डिंग चालू असेल तर तोंड उघडू नका. परतावा मागायची वेळ आली की तेच चित्रीकरण धाक म्हणून वापरता येतं. बंद खोलीत एकट्याने ‘शक्तीजागृती’, स्पर्श, किंवा मानसोपचाराच्या गोळ्या बंद करायचा सल्ला, यांपैकी एक जरी आलं तरी तिथून निघा. समोरचा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा.

पैसे गेले असतील तर ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका. आधी संपूर्ण चॅट, जाहिरातीची लिंक, व्यवहार क्रमांक आणि यूपीआयवर दिसलेलं नाव जपून ठेवा, मग बाहेर पडा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर शक्य तितक्या लवकर फोन आणि बँकेला लेखी कळवणं. ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि तुम्ही भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर त्या दाव्याला शुल्क नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळले असतील तर महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो.

तक्रारीत ‘ऊर्जा खरी की खोटी’ हा वाद घालू नका, बहुतेक तक्रारी तिथेच भरकटतात. कोणत्या तारखेला, कोणी, कोणत्या शब्दांत काय होईल असं सांगितलं, त्यावर विसंबून किती रुपये कोणत्या खात्यात भरले आणि परतावा मागितल्यावर काय उत्तर आलं, एवढंच क्रमाने लिहा.