कॅब दारात, पार्किंगच्या मजल्यावर की लांबच्या मैदानात?

नवं टर्मिनल होतंय, किंवा जुन्याचा विस्तार चाललाय. अ‍ॅपवरच्या कॅबनी प्रवासी कुठून घ्यायचे, हे विमानतळ सल्लागार समितीला ठरवायचंय. अशा बैठकीत सगळा खल जागेवरच होतो. माझ्या मते जागेपेक्षा महत्त्वाचं आहे ते गाडी आणि प्रवासी यांची गाठ कशी घालून देता ते. पण आधी जागांचंच बघू.

दारात

सगळ्यांना हवं असतं ते हेच. पण प्रवासी बुकिंग करतो ते बॅगेची वाट बघत पट्ट्यापाशी उभा असताना. बॅग येत नाही, गाडी येते. पोलीस थांबू देत नाहीत, चालक वळसा मारून पुन्हा येतो. मग फोन. "सर, कुठं उभे आहात?" "पिलर सहा." "तिकडं सोडत नाहीत, बाराला या ना." तोवर मागून हॉर्न सुरू. एका प्रवाशासाठी तीच गाडी टर्मिनलसमोरून दोन-तीनदा जाते, आणि कोंडी होते ती या फेऱ्यांमुळे. दिवसाला मोजकीच विमानं उतरत असतील, तर मात्र दारातलं पिकअप खुशाल ठेवा. उगाच खर्चात पडू नका.

लांबच्या मैदानात

लॉस एंजेलिसला सगळी टर्मिनलं घोड्याच्या नालासारख्या एकाच रस्त्याभोवती आहेत. तिथं 29 ऑक्टोबर 2019 पासून अ‍ॅप कॅब आणि टॅक्सी, दोन्हींचं पिकअप टर्मिनल 1 शेजारच्या 'एलएएक्स-इट' नावाच्या मोकळ्या जागेत हलवलं. तिथवर फुकट शटल बस, बसला वेगळी लेन. पहिल्या काही दिवसांत इतकी गर्दी उसळली की जागा वाढवावी लागली. हा मार्ग घ्यायचा तर बस आणि लेन आधी, बंदी नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होण्याचीच शक्यता जास्त.

पार्किंगच्या मजल्यावर

सॅन फ्रान्सिस्कोने 2019 मध्ये देशांतर्गत टर्मिनलांवरचं बहुतेक अ‍ॅप पिकअप पार्किंग इमारतीच्या वरच्या मजल्यावर नेलं. पुण्यात तेच काम एरोमॉल ही विमानतळावरची बहुमजली पार्किंग इमारत करते. पुण्याचा लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ, जागा मुळातच तुटपुंजी. तेव्हा बहुमजली पार्किंगला पर्याय नव्हता. टर्मिनलसमोरचा रस्ता मोकळा होतो, पण बॅगा, आजी-आजोबा आणि झोपलेलं पोर घेऊन तिथवर जायचं प्रवाशाने. छत, सरकते पट्टे, पुरेशा लिफ्ट नसतील तर प्रवासी शिव्या देणारच, आणि त्या रास्तही असतील.

यात मला सगळ्यात पटलेला प्रयोग बॉस्टनचा. तिथं 2019 च्या अखेरीस पिकअपच नव्हे, तर पहाटे-सकाळची वेळ सोडून ड्रॉपही मधल्या पार्किंग इमारतीत आणले. एरवी काय होतं? ड्रॉप करून एक गाडी रिकामी बाहेर जाते आणि पिकअपसाठी दुसरी रिकामी आत येते. दोन्ही कामं एकाच ठिकाणी असली की सोडायला आलेल्या चालकालाच तिथल्या तिथे पुढचं भाडं देता येतं. ज्यांना फक्त पिकअप हलवायचंय त्यांनी ही गोष्ट नीट तपासावी.

आता गाठ घालण्याबद्दल

नेहमीच्या पद्धतीत तुमच्या नावावर एकच विशिष्ट गाडी असते आणि ती शोधायची असते. पिन पद्धतीत शोधाशोधच नाही. बुकिंग केलं की कोड येतो, रांगेत उभं राहायचं, पुढ्यातल्या गाडीत बसायचं, कोड सांगायचा. उबरने 2019 मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या विमानतळावर ही पद्धत आणली. आपल्याकडे बेंगळुरूलाही ती आली. काळी-पिवळीच्या प्रीपेड खिडकीवर चिठ्ठी घेऊन रांगेतली गाडी घेतलेल्यांना यात नवं काहीच वाटणार नाही.

आपल्याकडे याचा आणखी एक फायदा आहे. "ड्रॉप कुठं? कॅश की ऑनलाइन?" असं फोनवर विचारून ट्रिप टाळायची सोय चालकाला उरत नाही, त्याच्या वाट्याला कोण येणार, हे कोड सांगेपर्यंत त्यालाही माहीत नसतं. अडचणीही आहेत. प्रत्येक कंपनीला वेगळी लेन लागते, मोठी गाडी हवी असेल तर ही रांग उपयोगाची नाही, आणि गाड्या जवळ उभ्या ठेवायला मैदान लागतं. त्या मैदानात चालकांसाठी स्वच्छतागृह आणि पाणी हवं. आराखड्यात ते हमखास विसरलं जातं.

म्हणून पसंती अशी: गर्दीच्या विमानतळावर पार्किंगचा मजला, पिनची रांग आणि शक्य तिथे ड्रॉपही त्याच इमारतीत. पार्किंगला जागाच नसेल तरच लांबचं मैदान. काहीही निवडलं तरी व्हीलचेअरवरच्या आणि वयस्कर प्रवाशांच्या कॅबसाठी दारात दोन-चार जागा राखून ठेवा. आणि पार्किंगचं शुल्क कुणाच्या माथी पडणार, हे निविदा काढण्याआधीच लिहून घ्या. नाहीतर ते शेवटी बिलात प्रवाशाच्याच नावावर चढतं.