दोन टनी ट्रॉली जॅक आणि स्टँडची जोडी: टायरांच्या अदलाबदलीसाठी कितपत उपयोगी?

गाडीसोबत मिळणारा सिझर जॅक रस्त्यात पंक्चर झाल्यावर स्टेपनी चढवण्यापुरता असतो. त्याचा पाया अरुंद असतो आणि गाडी जसजशी वर जाते तसतसा त्याचा डोल वाढतो. घरच्या घरी चारही टायरांची जागा बदलायची तर त्याच्यावर विसंबणे योग्य नाही, म्हणून दोन टन क्षमतेचा हायड्रॉलिक ट्रॉली जॅक, रॅचेटचे (दात्यांत खिटी अडकून उंची पक्की करणारे) दोन स्टँड आणि चाकांना लावायच्या रबरी उट्या असा एकत्र मिळणारा संच मी घेतला. बराच वापर झाल्यावर माझे मत असे बनले आहे की जॅक बरा आहे, उट्या चालण्यासारख्या आहेत आणि खरे मोल आहे ते स्टँडचे, जरी खोक्यावर मोठे चित्र जॅकचेच छापलेले असले तरी.

याचे कारण जॅकच्या रचनेतच आहे. हायड्रॉलिक जॅक गाडीला तेलाच्या दाबावर धरून ठेवतो आणि तो दाब रबरी सील व एका छोट्या झडपेच्या भरवशावर टिकतो. सील झिजले किंवा झडपेत कचरा अडकला की गाडी खाली बसू लागते, आणि ती बसताना पूर्वसूचना देईलच असे नाही. स्टँडमध्ये मात्र तेल नाही, सील नाही. लोखंडी दांड्याच्या दात्यात खिटी अडकली की वजन थेट जमिनीवर जाते. या संचातल्या स्टँडला खिटीखेरीज आरपार जाणारी आडवी पिनही आहे, त्यामुळे चुकून कोपर लागून खिटी सोडवणारी मूठ उचलली गेली तरी स्टँड सुटत नाही. गाडीचे वजन स्टँडवर टेकल्यावर आणि चाक काढण्यापूर्वी गाडीला बाजूने हलकासा धक्का देऊन पाहावे. काही सरकायचे असेल तर ते तेव्हाच सरकलेले बरे. एक गोष्ट मात्र उत्पादकाने ठळक लिहायला हवी होती: स्टँडवर छापलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे बारीक अक्षरांत शोधावे लागते.

जॅकबद्दल पहिली तक्रार त्याच्या लांबीची आहे. सांगाडा आखूड असल्यामुळे तो पुढच्या बंपरखालून मधल्या क्रॉसमेंबरपर्यंत (गाडीखालच्या आडव्या तुळईपर्यंत) पोचत नाही. जॅकचा दांडा बंपरला अडतो आणि पूर्ण मारता येत नाही. मग जॅक बाजूनेच लावावा लागतो, आणि तिथे एक पेच उभा राहतो, कारण दाराखालच्या पट्टीवर गाडी उचलण्याची जी खूण असते तीच जागा जॅकलाही हवी असते आणि स्टँडलाही. गाडीच्या पुस्तिकेत उचलण्यासाठी सबफ्रेमवरची (गाडीखालच्या जाड लोखंडी चौकटीवरची) जागा दिलेली असेल तर जॅक तिथे आणि स्टँड पट्टीच्या खुणेवर, अशी विभागणी करता येते. पुस्तिकेत नसलेली जागा अंदाजाने निवडू नये. पत्रा चेपतो किंवा एखादी नळी दबते. जॅकची वाटी, म्हणजे गाडीला टेकणारा भाग, उघड्या लोखंडाची आहे, त्यामुळे पट्टीची कड वाकू नये यासाठी खाच असलेला रबरी तुकडा वेगळा घ्यावा लागला. तो संचातच असायला हवा होता.

दुसरी बाब जॅकच्या चाकांची. जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे गाडी वर जाताना जॅक थोडा पुढेमागे घरंगळला पाहिजे. सपाट काँक्रीटवर तो छान सरकतो, पण फरशांच्या फटीत किंवा मातीत त्याची लहान चाके रुततात आणि मग जॅकऐवजी वाटीच गाडीखाली सरकू लागते. ज्यांच्याकडे सपाट, टणक जमीन नाही त्यांनी हा संच घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. गाडी खाली सोडताना झडप मात्र नेमकी चालते. दांडा अगदी थोडा फिरवला की गाडी सावकाश उतरते. स्वस्त जॅकमध्ये ती धपकन आपटते.

दोनच स्टँड असताना चार चाकांची अदलाबदल कशी करायची, असा प्रश्न पडेल. स्टेपनी हाताशी असेल तर एका वेळी एकच कोपरा उचलून काम होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे टायर तिरपे पुढे नेतात. पुढच्या डाव्या जागी तात्पुरती स्टेपनी लावावी, मोकळे झालेले चाक मागे डावीकडे, तिथले पुढे उजवीकडे, तिथले मागे उजवीकडे आणि शेवटी तिथले चाक स्टेपनी काढून तिच्या जागी. पाच वेळा उचलावे लागते, पण गाडीची तीन चाके कायम जमिनीवर राहतात. काढलेले चाक तोवर दाराखालच्या पट्टीखाली आडवे ठेवावे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तिरपी बदली करू नये, त्याच बाजूला पुढचे-मागचे करावे. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतील तर तेही नाही.

संचातल्या उट्या हलक्या आहेत, पण त्या लावण्यात कुचराई नको. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागचे एक चाक उचलले की त्याची निम्मी पकड जाते. पुढचे एक चाक हवेत असेल तर डिफरन्शियलमुळे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) गिअरचाही आधार उरत नाही. म्हणून उचलायच्या कोपऱ्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी हवी. नटही चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला जोर देणे म्हणजे स्टँडवरून गाडी ढकलण्याचाच प्रकार.

संचात टॉर्क पाना, म्हणजे नट ठरावीक जोराने आवळता येणारा पाना, नाही, आणि माझ्या मते ही सर्वांत मोठी उणीव आहे. नट आधी हाताने बसवून मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे द्यावा. बऱ्याच लहान गाड्यांसाठी तो 100 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण मग त्याच आकड्याला नट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. पुढच्या-मागच्या टायरांची हवा वेगळी ठेवायची असेल तर तीही नव्या जागेप्रमाणे बदलावी, आणि साधारण 80 ते 100 किलोमीटर गाडी चालवल्यावर नट पुन्हा एकदा त्याच पान्याने तपासावेत.