लॉकडाऊनमधले दोन हजार: पीएम-किसानचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. एक तारा माझ्या नावातल्या 'राव'नं खाल्ला.

मार्च २०२० मध्ये अर्धा एकर कोबी काढणीला आलेला आणि बाजार बंद. गड्डे फुटायला लागले तसा रोटर फिरवून मातीत गाडला. २६ मार्चला अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं, पीएम-किसानचा, म्हणजे केंद्र सरकार शेतकऱ्याला वर्षाला पैसे देतं त्या योजनेचा, २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्येच देणार. भावकीत सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज वाजले, माझा गप्प.

मे महिन्यात ऑनलाइन केंद्र गाठलं. तोंडाला उपरणं, दारात चुन्यानं आखलेले गोल. पोरानं स्टेटस काढलं: आधारवर नुसतं नाव, अर्जात त्याच्या शेपटीला 'राव'. दुरुस्तीचे ५० रुपये घेतले. पावती मागितली तर म्हणतो, "काका, प्रिंटर बंद आहे." मागं प्रिंटर खडखड झेरॉक्स काढतोय!

जूनमध्ये पैसे आले, थेट खात्यात, मधे कुणाचा हात नाही. हे मात्र मानलं. सोयाबीनच्या एका पिशवीला लागले, वर पदरचे घातले. पण याला कोरोनाची मदत म्हणायला जीभ रेटत नाही. वर्षाचे ६,००० होते तेवढेच राहिले, हप्ता तेवढा लवकर. खरी जादाची मदत बायकोच्या जनधन खात्यात आली: महिना ५००, तीन महिने, एकही हेलपाटा न मारता.

नाव दुरुस्त करायचं असेल तर सातबारा, आधार, पासबुक तिन्हींच्या झेरॉक्स घरूनच न्या आणि सकाळीच जा. अकरानंतर आमच्याकडं सर्व्हर बसतो.