हॅवलॉक की नील? एकाला डायव्हिंग, दुसऱ्याला निवांतपणा हवा असेल तर

अंदमानला जोडीने जायचं ठरलं की इथेच गाडी अडते. 2018 पासून हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. बोलण्यात मात्र जुनीच नावं टिकून आहेत.

पाण्यात उतरायची हौस असेल तर हॅवलॉकच. राधानगरची पांढरी, मऊ वाळू नि रुंद किनारा खरोखर देखणा आहे. एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं पाहणं, होतं. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकासोबत स्कूबाचा (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाण्याचा) पहिला अनुभव घेता येतो; दमा किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नसतं, म्हणून ते परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

नील छोटं. भाड्याच्या सायकलवर नारळी-पोफळीतून, भाजीच्या मळ्यांमधून फिरावं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. नैसर्गिक खडकाची कमान पाहायची तर ओहोटीचीच वेळ गाठायला हवी: तेव्हा खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री जीव) आणि चिमुकले मासे अगदी पायाशी दिसतात. पायात पकड असलेली चप्पल हवीच, खडक निसरडे असतात. पोहायला मात्र राधानगरच बरं, नीलला बऱ्याच ठिकाणी पायाखाली प्रवाळ लागतं.

एकच निवडायचं तर मी नील म्हणेन, कारण तिथे दोघांना एकमेकांसाठी वेळ मिळतो. पण दोन्ही बेटांमध्ये फेरी चालते. आधी हॅवलॉक, मग नील असा क्रम ठेवा, कुणालाच मन मारावं लागत नाही.