प्रवाळाच्या टाकीसाठी पंखा की चिलर?

टाकीतले प्रवाळ पांढरे पडू लागले, की पंखा लावून भागेल की चिलरच (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा लागेल, असा पेच पडतो. पाणी ३० अंशांच्या वर रेंगाळले, की प्रवाळाच्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकले जाते आणि त्यासोबत रंगच नव्हे, तर अन्नाचा मोठा वाटाही जातो. दिवे प्रखर असतील तर हे आणखी लवकर घडते.

खर्चात पंखा निर्विवाद स्वस्त, पण तो बाष्पीभवनाने पाणी जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो आणि दमट हवेत तेवढेही नाही. शिवाय उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. काचेवर मिठाची पांढरी रेघ उरून पातळी खाली सरकलेली दिसली, की क्षारता वाढली असे समजावे आणि भर आरओच्या गोड्या पाण्याचीच घालावी. चिलर तापमान ठरवलेल्या अंशावर धरून ठेवतो, मात्र वीज अधिक खातो, आवाज करतो आणि पाण्यातली उष्णता खोलीतच सोडतो, म्हणून तो बंद कपाटात कोंडण्यात अर्थ नाही.

वरून उघडी टाकी, कोरडी हवा आणि मऊ प्रवाळ असतील तर पंखा पुरतो. ॲक्रोपोरासारखे नाजूक प्रवाळ असतील, किंवा रोज पाणी भरायला कोणी नसेल, तर चिलरच घ्यावा.