लघवीच्या गळतीसाठी बायकांचा गट: सात महिन्यांनंतर

परवाच्या शनिवारी पुन्हा तेच. बैठक साडेचारची, आम्ही अकराजणी हजर आणि बाथरूमला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. सत्तरीच्या एक काकू जिन्याचा कठडा घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि काही न बोलता रिक्षा करून घरी गेल्या. सात महिन्यांत हे चौथ्यांदा. ज्यांना लघवी धरवत नाही त्यांच्यासाठीच हा गट आहे, मग तिथे कुलूप का? हॉलच्या ऑफिसात दोनदा अर्ज दिला. उत्तर नाही.

बैठकीचे शंभर रुपये. सुरुवातीला मला ते जड वाटले, कारण केगल व्यायाम, म्हणजे लघवी धरणारे स्नायू आवळायचे व्यायाम, मोबाईलवर फुकट दिसतात आणि मी ते वर्षभर करत होते. फरक शून्य. तिसऱ्या बैठकीत शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो, तुमचे खांदे वर जातायत. श्वास रोखताय. मीही दोन वर्षं असंच करत होते." तेव्हा कळलं, मी नुसतं पोट आत ओढत होते. वारा सरू नये म्हणून आवळतो तसं आतून वर उचलायचं, श्वास चालू ठेवून. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. डॉ. केगल यांनी १९४८ मध्ये हे मांडलं तेव्हा ते दाब मोजणारं यंत्र वापरत, म्हणजे आपण बरोबर आवळतोय का ते बाईला स्वतःला दिसे. व्हिडिओत नेमकं हेच नसतं.

चौथ्या महिन्यात मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला. आधी आवळलं, मग खोकले. गाऊन कोरडा. गॅस बंद करून मी तिथेच रडले.

पॅडचा खर्चही उतरला. मी पाळीचेच पॅड वापरायचे, दिवसाला चार. ते रक्तासाठी बनवलेले, एकदम आलेली लघवी त्यांत शोषली जात नाही. आता गळतीसाठीचा एकच लागतो, तोही बाहेर जाताना.

हा गट खोकल्या-शिंकेवरच्या गळतीलाच उपयोगी, असं मी मैत्रिणींना सांगत आले. ते मागे घेते. एकीला घाईची तक्रार होती, घराचं कुलूप उघडेपर्यंत दारातच व्हायचं. तिने तीन दिवस लघवीची वेळ आणि माप वहीत लिहिलं, चहा कमी केला. कळ आली की पळायचं नाही, थांबून आवळायचं, ओसरली की चालत जायचं. दोन महिन्यांनी ती एसटीने नाशिकला जाऊन आली. आणि बाहेर जायचं म्हणून पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की कळ वाढते, हे मला इथेच कळलं. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल, अंग बाहेर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टर.

पुढच्या शनिवारी मी चारलाच जाऊन किल्ली ताब्यात घेणार आहे. काकूंना फोन केला. म्हणाल्या, "किल्ली हातात आली की कळव, मग निघते."