आठ महिने नुसती बेटं: सिव्ह ६ मध्ये कुठला नकाशा घ्यावा

'सिव्हिलायझेशन ६' हा शहरं वसवत साम्राज्य उभारायचा, टर्न घेत खेळायचा कॉम्प्युटर गेम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. गेले आठ महिने मात्र एकच हट्ट धरला होता: पॅन्जियाला, म्हणजे एकाच मोठ्या खंडाच्या नकाशाला, हात लावायचा नाही, पाणीवाले नकाशेच खेळायचे. गॅदरिंग स्टॉर्म या विस्तारासकट, आठ खेळाडूंचा स्टँडर्ड आकार, म्हणजे ८४ बाय ५४ टाइल्स (नकाशाची घरं). आर्किपेलॅगो, आयलंड प्लेट्स, स्मॉल काँटिनेंट्स आणि स्प्लिंटर्ड फ्रॅक्टल हे चार आलटून पालटून झाले. सेव्हन सीज एकदाच उघडला. नावावरून वाटतं तसं तिथे काही नाही, जमीनच जमीन आणि मध्ये अडकलेले समुद्र. बेटं हवी असतील तर त्याच्या नादी लागू नका.

सुरुवात अर्थातच आर्किपेलॅगोपासून केली, कारण दिसायला तोच देखणा. पहिल्याच गेममध्ये राजधानीचं बेट असं निघालं की दुसरं शहर कसंबसं कोपऱ्यात बसलं. तिसरा सेटलर (नवं शहर वसवणारं पथक) तयार झाला आणि किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. समोर दोन टाइल्सवर हिरवंगार बेट, त्यावर टेकड्या, शेजारी मासे. जाता येईना! सेलिंग हे तंत्रज्ञान मी आधीच शोधून ठेवलं होतं आणि वाटलं, झालं काम. पण सेलिंगने फक्त बिल्डर पाण्यात उतरतो, सेलेस्टियल नॅव्हिगेशनने व्यापारी, आणि सेटलरला शिपबिल्डिंगच लागतं. हे मला माहीत होतं, पण पॅन्जियावर इतकी वर्षं काढल्यावर आठवणार कसं? सेटलर वीसेक टर्न तसाच ताटकळला.

बरं, शिपबिल्डिंगचा युरेका (ठरावीक काम केल्यावर संशोधनात मिळणारी सूट) मिळवून ४० टक्के संशोधन वाचवावं म्हटलं तर त्याला दोन गॅली (सुरुवातीच्या लढाऊ नौका) लागतात. एक गॅली ६५ प्रॉडक्शनची (प्रॉडक्शन म्हणजे शहराची बांधणीची ताकद). राजधानी तेव्हा टर्नला जेमतेम साडेसहा देत होती, म्हणजे दोन गॅलींतच वीस टर्न खर्ची. मॅरिटाइम इंडस्ट्रीजचं धोरण-कार्ड लावलं की वेळ निम्मा होतो. आता पाणीवाल्या कुठल्याही नकाशावर मी ते कार्ड डोळे झाकून लावतो.

या एका गोष्टीमुळे माझा नकाशा निवडायचा निकषच बदलला. पूर्वी मी पाणी किती ते बघायचो. आता बघतो ते हे की शिपबिल्डिंग हाती येण्याआधी पायी चालत किती शहरं वसतील. आर्किपेलॅगोवर बहुतेक वेळा दोन, नशीब जोरावर असेल तर तीन. आयलंड प्लेट्सवर मला तीन-चार मिळत गेली, कारण बेटं लांबट असली तरी अंगाने भरलेली असतात. स्मॉल काँटिनेंट्सवर पाच-सहा सहज. स्प्लिंटर्ड फ्रॅक्टलचा काही नेम नाही. एकदा सात मिळाली, एकदा एका चिंचोळ्या पट्टीवर अडकून पडलो.

दुसरी बोंब प्रॉडक्शनची. किनाऱ्याच्या पाण्याची टाइल एक अन्न आणि एक सोनं देते, प्रॉडक्शन शून्य. छोट्या बेटावर टेकड्या दोन-चारच, नदीचा पत्ता नसतो. गोड्या पाण्याकाठच्या शहराला पाचाची वस्ती मिळते, नुसत्या समुद्राकाठच्याला तिनाची. त्यामुळे लोकसंख्या अडते, आणि कँपस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा खास विभाग) बांधायला काढला की तीस-तीस टर्न दाखवतो. यावर उतारा म्हणजे हार्बर, बंदराचा डिस्ट्रिक्ट, पण तो कुठेही टाकून चालत नाही. सिटी सेंटरला चिकटून ठेवला तर +२ सोनं, शेजारच्या प्रत्येक समुद्री रिसोर्सला +१. दोन मासे आणि सिटी सेंटर अशी बेचक्यातली जागा सापडली की +४ झाला. पुढे शिपयार्ड बांधलं की हेच ४ प्रॉडक्शन म्हणूनही मिळतात. दीपगृह वस्तीचा प्रश्न बराच सोडवतं. हे कळल्यापासून मी शहराची जागा जमीन बघून ठरवत नाही, आधी हार्बरची टाइल शोधतो आणि मग शहर तिच्या शेजारी बसवतो. कधीकधी त्यापायी चांगली टेकडी सोडावी लागते. जीवावर येतं, पण सोडतो.

लॉयल्टीने (शहराची निष्ठा, जी शेजारची शहरं आपल्याकडे ओढतात) मात्र आयलंड प्लेट्सवर चांगलंच तोंडघशी पाडलं. दोन मोठ्या बेटांच्या मधल्या खाडीत एक ठिपक्याएवढं बेट होतं, शेजारी मोती. पटकन शहर वसवलं. पाणी मध्ये असलं म्हणून दबाव थांबत नाही, नऊ टाइल्सपर्यंतची शहरं खेचतच राहतात, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर शेजाऱ्याची तीन गुबगुबीत शहरं बसलेली. गव्हर्नर पाठवेपर्यंत शहर बंडखोर झालं आणि थोड्याच टर्नमध्ये मोत्यांसकट त्यांच्याकडे गेलं.

समुद्राची पातळी वाढते तो भाग आर्किपेलॅगोवर खरा बोचतो. मोठ्या खंडावर दोन-चार टाइल्स गेल्या तर चालून जातं. इथे शहराकडे जमिनीच्या टाइल्सच सात-आठ, त्यातल्या तीन सखल. एका गेममध्ये माझा कँपस समुद्रापासून जेमतेम एक मीटर उंच टाइलवर होता. आधी पूर आला, इमारती मोडल्या, दुरुस्त केल्या, आणि नंतर टाइलच पाण्याखाली गेली. फ्लड बॅरियर (पाणी अडवणारा बांध) कॉम्प्युटर्स हे तंत्रज्ञान शोधल्यावर मिळतो आणि पाणी जितकं चढलेलं तितका तो महाग. गंमत म्हणजे पाणी चढवणारा कोळसा जाळण्यात मीच आघाडीवर होतो. आता डिस्ट्रिक्ट टाकण्याआधी टाइलवर माउस नेऊन सखल भागाची खूण आहे का ते वाचतो, मगच पुढे.

एआयबद्दल, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो त्या प्रतिस्पर्ध्यांबद्दल, स्पष्टच सांगतो: त्याला समुद्र झेपत नाही. बेटांवर तो शहरं कमी वसवतो, सैन्य पाण्यात उतरवून नीट हल्ला करताना मला क्वचितच दिसला. दिसले ते एकटे-दुकटे, संरक्षणाशिवाय पोहत आलेले तिरंदाज. उलट आपण चार फ्रिगेट (लांबून मारा करणाऱ्या नौका) आणि एक कॅराव्हेल (जवळून भिडणारी नौका) घेऊन निघालो की किनाऱ्यावरची शहरं एकामागून एक पडतात: फ्रिगेट दोन टाइल्सवरून तटबंदी पाडतात, कॅराव्हेल आत शिरतं. फ्रिगेटला लागणारं नायटर (सोरा) तेवढं आधी साठवायला हवं. त्यामुळे आर्किपेलॅगोवर पहिली साठ-सत्तर टर्न जीव नकोसा होतो आणि फ्रिगेट आल्यावर आव्हानच उरत नाही. मी शेवटी डिफिकल्टी एक पायरी वर नेली, तेव्हा कुठे जरा मजा आली. स्मॉल काँटिनेंट्सवर एआय पुष्कळ बरा खेळतो, त्याला पाय पसरायला जमीन मिळते.

म्हणून माझा नेहमीचा नकाशा आता स्मॉल काँटिनेंट्स, समुद्रपातळी 'हाय' ठेवून. त्याने जमीन आक्रसते, किनारे तुटतात, पण सेटलर ताटकळत नाहीत. आयलंड प्लेट्स मी खेळायला इंडोनेशिया किंवा फिनिशिया ही संस्कृती असेल तरच घेतो. इंडोनेशियाचे कांपुंग समुद्रावर बसतात, मासेमारीच्या बोटींशेजारी अन्न आणि प्रॉडक्शन दोन्ही देतात, म्हणजे वरची अर्धी रड तिथेच मिटते. फिनिशियाचे सेटलर पाण्यात दोन पावलं जास्त चालतात आणि चढ-उतरण्याचा वेगळा खर्च नसतो. नॉर्वे वाटतो तितका कामाचा नाही, लुटालूट दोन गेम छान वाटते, मग कंटाळा येतो.

आर्किपेलॅगो पूर्ण सोडला असं नाही. माओरींसाठी तो राखून ठेवला आहे. त्यांची सुरुवातच समुद्रात होते, सेलिंग आणि शिपबिल्डिंग हातात घेऊनच, त्यामुळे किनाऱ्यावर कुणी ताटकळत नाही. सध्या तसाच एक गेम चालू आहे. नववा टर्न झाला तरी शहर वसवलेलं नाही, कारण आतापर्यंत दिसलेल्या तिन्ही बेटांवर हार्बरसाठी बेचका सापडलेला नाही.